सामुदायिक सेवा: शिक्षा की सूट?

निळी शाई
भारतीय दंड संहितेच्या (आयपीसी) जागी आलेली भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ला लागू झाली. मृत्युदंड, जन्मठेप, कैद (सक्तमजुरी किंवा साधी), मालमत्ता जप्ती आणि दंड या जुन्या शिक्षांच्या जोडीला कलम ४मध्ये सामुदायिक सेवा आली. चोरी पाच हजारांच्या आतली, गुन्हा पहिलाच आणि माल किंवा त्याची किंमत परत केलेली असेल, तर आता हीच शिक्षा. मला हे मनापासून पटतं. एकदा मोहात पडलेल्या पोराला सराईतांच्या बराकीत टाकलं, तर तो तिथून आणखी बिघडूनच बाहेर येतो.

उंबरठा
साफ असहमत. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा साडेचार हजारांचा फोन गेला, तर तिच्यासाठी ती किरकोळ चोरी नसते. चोरानं फोन परत करायचा, चार दिवस झाडू मारायचा आणि सुटायचं? आणि पहिल्या गुन्ह्यात समज देऊन किंवा बंधपत्रावर सोडण्याची सोय १९५८च्या प्रोबेशन कायद्यात होतीच की.

निळी शाई
होती, पण ती न्यायाधीशाच्या मर्जीवर. शिवाय चोर तुरुंगात गेल्यानं बाईला फोन मिळतो का? इथे तो परत करणं ही अटच आहे.

काळा कोट
वकिली करतो म्हणून लिहितो. समाजाच्या उपयोगाचं, बिनमोबदल्याचं काम, एवढीच व्याख्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटल्यांची कार्यपद्धती सांगणारा कायदा) कलम २३मध्ये आहे. किती तास, कोणाच्या देखरेखीखाली, याबद्दल कायदा गप्प. दारू पिऊन धिंगाणा घातला तर फार तर २४ तास साधी कैद, बदनामीला दोन वर्षांपर्यंत. सामुदायिक सेवेचा पर्याय मात्र दोन्हीकडे, तोही मोजमापाशिवाय. एका कोर्टात दोन दिवस, दुसऱ्यात दोन महिने, असं होऊ शकतं. मी या शिक्षेच्या बाजूचा आहे, म्हणूनच ही ढिलाई खुपते.

उंबरठा
आणि याहून मोठी गोष्ट कोणी बोलतच नाही. पाच हजारांच्या आतली ही चोरी आता अदखलपात्र आहे. बाई चौकीत गेली की एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात कागद देतात. अशा गुन्ह्यात दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत. मग फोन परत येणार कुठून?

निळी शाई
एनसीचा मुद्दा मान्य, तो बदलायलाच हवा. पण त्यासाठी पोराला तुरुंगात पाठवा हे मी म्हणणार नाही.

उंबरठा
मग आधी ही चोरी दखलपात्र करा. त्यानंतर झाडूबद्दल बोलू.