पुण्याहून इंदूरला ऑडी टीटी क्वाट्रो आणायचीय, कशी आणू?

राजेंद्रनगरवाला
नमस्कार मंडळी. पुण्यात सेकंडहँड ऑडी टीटी क्वाट्रो (चारही चाकांना ताकद जाणारी) घेतली, पैसे देऊन झाले, आता घरी आणायचीय. चालवतच आणणार होतो पण पुढचे दोन टायर नवे आणि मागचे पार झिजलेले, त्यात पाऊस, मालेगाव धुळे सेंधवा करत सहाशेएक किलोमीटर नव्या हातात गाडी, घरचे नको म्हणतायत. कंटेनरवाला मिळालाय पण तो इंदूरच्या बायपासवरच उतरवून देणार, तिथून घरापर्यंत एक क्रेनवाला म्हणतो पुढची चाकं उचलून मागच्या चाकांवर ओढत आणतो. क्वाट्रोला हे चालेल का? आणि वाटेत काही लागलं तर इन्शुरन्स कोणाचा?

महूकर
भिया, क्रेनवाल्याला आत्ताच नाही म्हणून टाक. टीटीत इंजिन आडवं असतं, गाडी मुळात पुढच्या चाकांवर चालणारी आणि मागच्या अॅक्सलपाशी हॅल्डेक्सचा क्लच असतो जो गरजेप्रमाणे मागे ताकद पाठवतो. पुढची चाकं हवेत आणि मागची रस्त्यावर फिरायला लागली की क्लचची एक बाजू फिरते आणि दुसरी थांबलेली, प्लेटा घासून तापतात. उलटं करून मागची उचलली तर एस-ट्रॉनिक म्हणजे टीटीचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंजिन बंद असताना फिरत राहतो आणि तेलाचा पंप बंदच, म्हणजे आत तेल पोचतच नाही. अंतर कमी आहे म्हणून चालेल असं कोणी सांगितलं तर ऐकू नको. चारही चाकं वर, फ्लॅटबेडवर, एवढंच.
टायरचं तू स्वतःच लिहिलंस ते फार महत्त्वाचं आहे. पुढचे नवे मागचे झिजलेले म्हणजे चाकांचा घेर वेगवेगळा, मग सरळ रस्त्यावरही क्लचला सतत फरक सोसावा लागतो. सहाशे किलोमीटर तशी चालवू नकोसच, घरी आली की आधी चारही एका मापाचे एका मेकचे टाक, बाकी खर्च नंतर.

सियागंज_पाना
महूकर दादांशी शंभर टक्के सहमत, मी गाडी चढवण्या-बांधण्याबद्दल लिहितो कारण नुकसान बहुतेक वेळा तिथेच होतं. टीटीचं नाक खाली असतं, साध्या रॅम्पवर पुढचा बंपर घासतो, म्हणून हायड्रॉलिकने झुकणारा बेड माग आणि तरी रॅम्पखाली लाकडी फळ्या घालून चढ सौम्य करायला लाव. विंचने ओढायची वेळ आली तर टूलकिटमधला टो हुक लावून ओढायची, आणि तो हुक डिकीत आहे का ते पुण्यातच बघून घे, जुन्या गाड्यांत हमखास गायब असतो.
बांधताना चेन किंवा हुक सस्पेन्शनच्या आर्मला अजिबात नाही!! पट्टा टायरवरून घ्यायचा, मग स्प्रिंग आपलं काम करत राहते आणि गाडी जागची हलत नाही. आमच्या ओळखीतल्या एकाची गाडी आर्मला चेन घालून आणली होती, उतरवल्यावर स्टिअरिंग एका बाजूला ओढायला लागलं. गिअर पी मध्ये, हँडब्रेक ओढलेला, चाकांना ओट म्हणजे अडसर. निघाल्यावर तासाभरात ड्रायव्हरला थांबून पट्टे पुन्हा आवळायला सांग, सुरुवातीला ते सैल पडतातच, आणि पुढे बिजासन घाट आणि मानपूरचा घाट आहे. अलार्मचा टिल्ट सेन्सर, म्हणजे गाडी कलली की वाजवणारा, तोही बंद कर, नाहीतर गाडी वाटभर बोंबलेल आणि इंदूरला बॅटरी उतरलेली मिळेल.

मांडवीकर, बडोदा
इन्शुरन्सचं मी सांगतो. आपल्याकडच्या पॅकेज पॉलिसीत रस्त्याने, रेल्वेने नेताना झालेलं नुकसान धरलेलं असतं, पण ती पॉलिसी अजून विकणाऱ्याच्या नावावर आहे ना? मालक बदलला की थर्ड पार्टी भाग आपोआप नव्या मालकाकडे येतो, ओन डॅमेज म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा भाग येत नाही, त्यासाठी विकल्यापासून १४ दिवसांत कंपनीकडे अर्ज करावा लागतो, आणि नो क्लेम बोनस जुन्या मालकाचाच राहतो त्यामुळे फरकाचे पैसे भरावे लागतात. माझ्या मते पॉलिसी नावावर झाल्याशिवाय गाडी हलवूच नये, दोन-चार दिवस उशीर झाला तरी चालेल. ट्रान्सपोर्टरकडून ट्रान्झिट इन्शुरन्स वेगळा घे आणि बिल्टीवर, म्हणजे त्याच्या मालाच्या पावतीवर, गाडीची खरी किंमत लिहून घे, कमी किंमत लिहिली तर क्लेमही तेवढाच. चढवताना चारही बाजूंनी, छत, चाकांच्या रिम, मीटरचं रीडिंग, सगळ्याचे फोटो ड्रायव्हरसमोर काढ आणि उतरवल्यावर तपासून झाल्याशिवाय सही करू नको. आणि पुण्याच्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८, शिवाय गाडी नावावर करायच्या २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या आत्ताच घे, इंदूरला बसून त्या मागवणं फार अवघड जातं. गाडीवर लोन असेल तर ते उतरवायचा फॉर्म ३५ पण.

राजेंद्रनगरवाला
मनापासून आभार सगळ्यांचे. क्रेनवाल्याला नाही सांगितलं. बायपासवरून घरापर्यंत सात-आठ किलोमीटर हळू चालवत आणली तर टायरच्या फरकाने काही होईल का?

महूकर
पॉलिसी नावावर झाली असेल आणि पीयूसी असेल तर आण, एवढ्याने काही होत नाही, फक्त पाऊस नसताना आण आणि दाबू नकोस. मागच्या टायरवर चार आकडी तारीख असते ती वाच, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. फारच जुने निघाले किंवा तारा दिसत असतील तर तेवढं अंतरही नको, लोकल फ्लॅटबेड बोलाव.

सियागंज_पाना
आणि हो, उतरवायची जागा आधी बघून ठेव, सपाट आणि बाजूला मोकळी, चालत्या बायपासच्या कडेला रात्री रॅम्प लावू देऊ नकोस. कोणत्या बाजूला उतरवतायत, राऊकडे की तेजाजीनगरकडे?