'फेथ' म्हणजे श्रद्धा की विश्वास? आणि 'ग्रीफ'ला शोक म्हणावं का?

गोदाकाठची
नमस्कार मंडळी, एक शब्द अडलाय. बाबा गेल्यापासून संध्याकाळी घर फार शांत वाटतं म्हणून आईला मालिका बघायची सवय मीच लावली. सध्या 'द गुड वाइफ' चालूय, शिकागोतल्या अॅलिशिया नावाच्या वकीलबाईची. आईला इंग्रजी उच्चार पकडता येत नाहीत, त्यामुळे मी आदल्या रात्री एपिसोड बघून महत्त्वाच्या संवादांचं मराठी वहीत लिहून ठेवते. आता पाचवा सीझन आलाय (ज्यांना बघायचीय त्यांनी पुढचं वाचू नका). त्यात तिचा जवळचा सहकारी वकील विल भर कोर्टात त्याच्याच अशिलाच्या हातून गोळी लागून जातो आणि पुढच्या भागात अॅलिशिया त्याच्या शेवटच्या अर्धवट व्हॉइसमेलचा अर्थ शोधत फिरते. तिची मुलगी ग्रेस चर्चला जाणारी, ही स्वतः देव न मानणारी, आणि दोघींचं त्यावर बोलणं होतं. तिथे मी अॅलिशियाच्या तोंडी लिहिलं "माझी श्रद्धा नाही". आई वही वाचून म्हणाली, "असं नको लिहू, देव मानत नाही असं लिही. श्रद्धा तर आहेच की तिची, त्या माणसावर, नाहीतर एका फोनसाठी कोण एवढं धावतं?" आता माझी पंचाईत झालीय. आणि 'ग्रीफ'ला शोक लिहिलं तर पेपरातल्या "शोकाकुल वातावरणात" सारखं वाटतं, दुःख लिहिलं तर फार ढोबळ. तुम्ही काय लिहिलं असतं?

शरणपूर_रोड
विश्वास लिहा. आम्ही ख्रिस्ती, माझ्या आजीच्या तोंडी श्रद्धा हा शब्द कधी ऐकला नाही. "तिचा विश्वास मोठा", "विश्वासात वाढली", "विश्वासी माणूस" असंच बोलायची. आमच्या मराठी बायबलातही विश्वासच आहे. ग्रेसच्या तोंडी तोच शोभेल.

गोदाकाठची
ताई, ग्रेसला चालेल, पण कोर्टाच्या मालिकेत "तुझा विश्वास आहे का" म्हटलं की आईला वाटणार साक्षीदारावर आहे का म्हणून.

धातुपाठ
श्रद्धा म्हणजे श्रत् अधिक धा, आणि हा श्रत् हृदयाचा. लॅटिनमधला 'क्रेडो' त्याचाच भाऊ, म्हणजे क्रेडिट कार्डातलं क्रेडिटसुद्धा त्याच घरातलं. विश्वास श्वस् धातूचा, मोकळा श्वास घेता येणं तो विश्वास, आणि आश्वासनही तिथलंच, दम लागलेल्याला पुन्हा श्वास येऊ देणं. शोक शुच् धातूचा, जळणं आणि उजळणं दोन्ही. शुचि, शौच, अशौच सगळी त्याचीच पिल्लं. त्यामुळे ग्रीफला शोकच, आत जळतं ते दुसऱ्या कुठल्या शब्दात येत नाही. आणि शोकातूनच श्लोक झाला, वाल्मीकींची क्रौंचाची गोष्ट सगळ्यांना माहितीये.

पंचवटीकर
गोष्ट सुंदर आहे पण व्युत्पत्ती म्हणून नाही चालणार हो. श्लोक ऐकण्याशी जोडलेला आहे, श्रु धातूच्या घरातला. शोक आणि श्लोक हा कवीने साधलेला मेळ. बाकी तुम्ही श्राद्ध कसं विसरलात? श्रद्धेनं करतात ते श्राद्ध, म्हणजे आपल्याकडे फेथ आणि ग्रीफ एकाच शब्दात बसवलेत. रामकुंडावर रोज बघतो मी. माझे काका पक्के बुद्धिवादी, काकू गेल्या तेव्हा दहावा करणार नाही म्हणाले होते, मुलींसाठी केला. कावळा शिवेना. मुली बोलत होत्या, आई घराचं बघू, आई बाबांना सांभाळू, काही उपयोग नाही. शेवटी काका पुढे आले आणि पिंडाकडे बघून म्हणाले, "तुझ्या गोळ्या मी वेळेवर आणल्या नव्हत्या." एवढंच. कावळ्याचं काय झालं ते मला आठवत नाही, काकांचा आवाज आठवतो. ती श्रद्धा होती की शोक होता ते मला आजही सांगता येणार नाही.

सीबीएस_कोर्ट
मी वकिली करतो म्हणून दोन गोष्टी. एक, मालिकांमध्ये गीतेवर हात ठेवतात ते आपल्या कोर्टात नसतं. १९६९ च्या शपथ कायद्यात साक्षीदाराला दोन वाटा आहेत, देवाच्या नावाने शपथ घ्या किंवा गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करा, दोन्हीला वजन सारखंच. देव न मानणारीचं बोलणं खोटं धरत नाहीत. तेव्हा ताई, तुमच्या आईंचं बरोबर आहे, देव न मानणं आणि श्रद्धा नसणं यांची कायद्यानेसुद्धा गल्लत केलेली नाही.
दुसरं, ग्रीफला आमच्याकडे शब्दच नाही, आकडा आहे. मोटार अपघाताच्या दाव्यात सुप्रीम कोर्टाच्या २०१७ च्या प्रणय सेठी निकालाने नवरा किंवा बायको गमावल्याबद्दल सहवासाचे ४०,००० रुपये धरले, अंत्यसंस्काराचे १५,०००, आणि दर तीन वर्षांनी १० टक्के वाढ. आईबाप आणि मुलांचा सहवास २०१८ च्या निकालात धरला गेला. एका बाईंना मी हे समजावत होतो, त्या मधेच म्हणाल्या, "साहेब, कागदात यांना मयत का लिहिलंय?" मी म्हटलं तशी पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "नाव लिहा ना." त्या दिवसापासून माझ्या अर्जात निदान पहिल्या ओळीत तरी मयत शब्दाआधी पूर्ण नाव येतं.

भगूरकर
मयत अरबी शब्द आहे, मृत लिहावं. आमच्या भगूरच्या सावरकरांनी दिनांक, महापौर असे शब्द दिले ते आज सगळे वापरतात की नाही? मग कोर्टानेच का मागे राहायचं? आणि इथे शीर्षकात फेथ-ग्रीफ बघून खरंच वाईट वाटलं.

सीबीएस_कोर्ट
दादा, वकील, अशील, दावा, हरकत, तारीख, सगळेच बाहेरून आलेले. कुठला कुठला काढणार? ते शब्द नाशिककरांच्या तोंडात कितीतरी पिढ्या आहेत. त्या बाईंना मयत शब्द परका वाटला नाही, तो नवऱ्याला लावलेला सोसला नाही. मृत लिहिलं असतं तरी त्या हेच म्हणाल्या असत्या.

भगूरकर
त्या बाईंचं दुःख मला कळतं. पण शब्द चालतोय म्हणून चालू द्यायचा हे मला पटत नाही. आणि श्रद्धा शब्दाचीही आपण वाट लावली, अंधश्रद्धा इतकं ऐकलं की नुसतं श्रद्धा म्हटलं तरी माणूस खुलासा द्यायला लागतो.

धातुपाठ
हा मुद्दा खरा आहे. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या वादात तर रोज तेच, श्रद्धा कुठे संपते आणि अंधश्रद्धा कुठे सुरू होते.

शरणपूर_रोड
म्हणूनच विश्वास. त्याला अंध लावलं तरी तो तेवढा बदनाम होत नाही. आणि ग्रीफसाठी दुखवटा का नाही कोणी सुचवला?

पंचवटीकर
दुखवटा म्हणजे आमच्याकडे नातेवाईक घेऊन येतात ते कपडे. टॉवेल, टोपी, साडी. सरकार जाहीर करतं तो वेगळा. मनातल्याला दुखवटा म्हणत नाहीत.

गोदाकाठची
सगळ्यांचे आभार, पण उद्या संध्याकाळी तो भाग बघायचाय आणि वहीत ती ओळ अजून कोरीच आहे. सध्या "मी देव मानत नाही गं" एवढं पेन्सिलीने लिहिलंय. ग्रीफचं तर काहीच ठरलं नाही. वकीलसाहेब, तुमचं वाचून बाबांच्या वारस दाखल्याचा कागद काढून बघितला, त्यातही मयतच आहे, सही करताना लक्षात आलं नव्हतं.

निफाड_मळा
उशिरा लिहितोय. आमच्याकडे मयतीला गेलो असं कोणी म्हणत नाही, मातीला गेलो म्हणतात. आणि त्या घरी चूल पेटवत नाहीत, शेजारचे भाकरी-पिठलं नेतात, त्याला कडू घास म्हणतात. सिन्नरकडे काय म्हणतात कोणी सांगेल का?