कांदेनवमीची भजी आणि माझं पोट (आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, असलेल्यांनी आपापले अनुभव लिहा)

शेवंती

परवा सासूबाईंनी कांदेनवमीची भजी तळली. घरभर वास. मी दोनच घेतली आणि बाकीची लेकाच्या ताटात सरकवली, तर तो म्हणाला, "आई, तुला आवडत नाहीत का गं?" आवडतात रे. फार आवडतात. आणि एकदम आजोळ आठवलं.

बारावीपर्यंत मी वाईला आजीकडे होते. चातुर्मास कडक. आषाढीपासून कार्तिकीपर्यंत घरात कांदा, लसूण, वांगं काही यायचं नाही. ते चार महिने माझं पोट शहाण्यासारखं वागायचं. कार्तिकी झाली की पुन्हा सुरू. जेवण झालं की पोट फुगायचं, बेंबीखाली कळ यायची, शाळेत जायच्या आधी तीन-तीन वेळा जावं लागायचं. आजी म्हणायची, "थंडी सोसत नाही पोरीला." कांद्याचा संशय कुणालाच आला नाही. पण नुसता कांदाही नसावा, कारण दिवाळीनंतरच सहामाहीचे पेपर मिळायचे, मग सराव परीक्षा, मग मार्च.

नोकरी लागल्यावर डोंबिवलीहून ८.१२ची लोकल. लोकलच्या डब्यात संडास नसतो हे सगळ्यांनाच माहीत असतं, पण पोटात कळ आल्यावर ते जसं कळतं तसं इतरांना कळत नाही. मी सकाळी काही खायचंच बंद केलं. सोनोग्राफी, रक्त, स्टूल, शेवटी दुर्बिणीतूनही तपासलं. सगळं नॉर्मल. एका डॉक्टरांनी फाइल मिटून सांगितलं, "काही नाहीये तुम्हाला, मनावर घेऊ नका." रिक्षात बसून रडले होते त्या दिवशी. कळ खरी होती हो.

३४व्या वर्षी ज्या डॉक्टरीणबाई भेटल्या त्यांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे आतडं काढलं, वर डोकं काढलं आणि दोघांच्या मध्ये जाणारी-येणारी रेघ. म्हणाल्या, "हे आयबीएस. तुमच्या आतड्याच्या नसा जास्त जाग्या आहेत. जेवढा गॅस दुसऱ्याला कळतही नाही तेवढा तुम्हाला दुखतो. आणि डोक्यावर ताण आला की त्या आणखी जाग्या होतात." इतकं साधं कुणी सांगितलंच नव्हतं.

मग वही केली. चार रकाने : काय खाल्लं, कळ आली का, झोप किती, दिवस कसा गेला. सहा आठवडे कांदा, लसूण, गहू, राजमा, छोले बंद, मग एकेक परत. कांदा आणि राजमा सोसत नाहीत. दोन पोळ्या चालतात, चार नाही. पण खरं सांगितलं ते चौथ्या रकान्याने. सुट्टीत वाईला घाटावर बसून खाल्लेली भजी निमूट पचली होती आणि अप्रेझलच्या आठवड्यात साध्या वरणभाताने कळ आली होती. तेव्हापासून मी दोन्हीकडे बघते, ताटाकडे आणि दिवसाकडे.

तुमचं लिहा. लाजू नका.

कर्जतफास्ट

८.१२ वाचूनच पोटात गोळा आला. माझी ६.४०ची होती. कुठल्या स्टेशनात कुठल्या टोकाला संडास आहे हे मला पाठ आहे. कल्याण, ठाणे, कुर्ला, दादर, सगळं.

माझ्यात फरक पडला तो पाचला उठायला लागल्यापासून. गरम पाणी, थोडं चालणं, मग निवांत बसायचं. घाई नाही. पहिल्यांदा बायको म्हणाली, झोप मोडून काय मिळवणार? तर हे मिळवलं. आधी घाई आणि मग घाईची भीती, त्यातून कळ. आता कळ आली तरी भीती येत नाही, म्हणून कळ बसतेही लवकर.

माजघर

शेवंती, अगदी माझंच लिहिलंस. पण प्रश्न : कांदा-लसणाशिवाय आमटीला चव कशी आणता? आमच्याकडे कांदा-खोबऱ्याचं वाटण नसेल तर माणसं ताटावरून उठतात.

निळीशाई

वाई! कुठे गं? आम्ही मेणवलीचे.

शेवंती

@निळीशाई अगं गणपती आळीत! घाटावर उतरणाऱ्या बोळातच.

तिरफळ

@माजघर, लसणाच्या पाकळ्या ठेचायच्या नाहीत, अख्ख्या तेलात मंद परतायच्या, सोनेरी झाल्या की झाऱ्याने काढून टाकायच्या. पाणी किंवा डाळ त्यानंतर. लसणात जे पोटाला बाधतं ते पाण्यात उतरतं, तेलात उतरत नाही. म्हणून वास मिळतो, त्रास नाही. पाकळ्या आमटीत उकळल्या तर मग उपयोग नाही, काढल्या तरी.

तेल त्याच दिवशी वापरा, करून ठेवू नका. आणि कांद्याऐवजी पातीच्या कांद्याचा फक्त हिरवा भाग. वर हिंग.

आम्ही सावंतवाडीचे. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या आमटीला आमच्या घरी कांदा लागतच नाही. ओलं खोबरं, सुक्या मिरच्या, हळद, धणे, कोकम. उकळी आली की तिरफळं ठेचून. कुणी ताटावरून उठत नाही.

माजघर

@तिरफळ आम्ही शाकाहारी हो :)

तिरफळ

मग त्यात बटाटा घाला :)

कंडक्टरचीलेक

बरेच दिवस वाचते आहे, आज पहिल्यांदा लिहिते.

बाबा एसटीत कंडक्टर होते, ३१ वर्षं. लांब पल्ल्याची गाडी. ड्यूटीच्या दिवशी ते घरातून फक्त चहा पिऊन निघायचे. डबा परत यायचा तसाच. आई चिडायची. आम्हाला वाटायचं बाबांना आईच्या हातचं आवडत नाही. गाडी भर घाटात असताना कंडक्टरने काय करायचं? साठ माणसं बसलेली. ते खांबाला धरून उभे राहायचे आणि पैसे मोजत राहायचे, हे त्यांनी मला निवृत्तीनंतर सांगितलं. खिशात एक रुमाल असायचा, तो ते मुठीत इतका आवळायचे की आईला धुताना तो नेहमी पिळल्यासारखा मिळायचा. आईला कारण माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

नाव कधी कळलंच नाही त्या आजाराचं. "माझं पोट हलकं आहे" एवढंच म्हणायचे. निवृत्त झाल्यावर निम्मं आपोआप कमी झालं. निम्मं आहे अजून.

पुढे लिहिता येत नाहीये. नंतर लिहीन.

कर्जतफास्ट

ताई, रुमालाचं वाचून थांबलो. बाबांना नमस्कार सांगा.

यारानदी

मी मेलबर्नला असतो. शेवंतीताईंनी केलं तेच इथे मोनॅश विद्यापीठाने शोधलेलं लो फॉडमॅप. आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि मग आंबणाऱ्या साखरा काही काळ बाजूला ठेवायच्या : कांदा, लसूण, गहू, कडधान्यं, दूध, सफरचंद, आंबा, फ्लॉवर, आणि शुगरफ्री गोळ्यांतलं सॉर्बिटॉल. त्यांचं अॅप आहे, हिरवा-पिवळा-लाल असे दिवे असतात, किती ग्रॅमपर्यंत चालेल तेही.

पण माझी चूक ऐका. बंद करायचा टप्पा २ ते ६ आठवड्यांचा असतो. मी तो दोन वर्षं चालवला. बरं वाटत होतं ना, मग परत कशाला सुरू करा! ७ किलो उतरलो, कुणाकडे जेवायला जायची भीती वाटू लागली, मित्र बोलवेनासे झाले. शेवटी आहारतज्ज्ञ बाईंनी अक्षरशः एकेक पदार्थ हाती धरून परत आणवला. निघालं काय तर मला फक्त लसूण आणि आंबा जास्त झाला तर त्रास. बाकी सगळं मी उगाच सोडलं होतं. परत आणणं हाच त्यातला महत्त्वाचा भाग आहे, कृपा करून अर्ध्यावर थांबू नका.

आपल्याकडचं बरंचसं जेवण मुळात सोयीचं आहे हेही सांगतो. तांदूळ, ज्वारी, नाचणी हे सगळं चालतं. इथे लोक ग्लूटेनफ्री पावाला दुप्पट पैसे मोजतात आणि मी भाकरी थापतो.

माजघर

तुम्ही स्वतः थापता?? मोडत नाही?

यारानदी

उकड काढून थापली की नाही मोडत. आईने व्हिडिओ कॉलवर शिकवली.

तालुक्याचाडॉक्टर

दवाखान्यात दोन पेशंटच्या मध्ये लिहितोय.

१. शौचातून रक्त, न सांगता उतरणारं वजन, रक्त कमी होणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर. यातलं काहीही असेल तर धागा वाचत बसू नका, तपासून घ्या. ही आयबीएसची लक्षणं नाहीत.

२. गहू बंद करायच्या आधी सिलिॲकची (गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार) रक्ततपासणी करा. गहू सोडल्यावर केली तर ती खोटी नॉर्मल येऊ शकते. ही चूक फार होते.

बाकी सवडीने.

वसंतराव६८

मी ६८ वर्षांचा. माझं उलटं, बद्धकोष्ठ. कुणीतरी गव्हाचा कोंडा खा म्हणाले. खाल्ला महिनाभर. पोट नगाऱ्यासारखं. नंतर कळलं की कोंडा आमच्यासारख्यांना उलट त्रास देतो, इसबगोल सोसतं. अर्ध्या चमच्यापासून सुरुवात केली, आता दोन चमचे. पेलाभर पाण्यात घालायचं, ढवळायचं आणि लगेच प्यायचं, घट्ट होईपर्यंत बघत बसायचं नाही. वर आणखी एक पेला पाणी.

आमचे वैद्य आयबीएसला ग्रहणी या आतड्याच्या विकाराच्या जवळचं म्हणतात आणि ताक सांगतात. मला पातळ, सुंठ-सैंधव घातलेलं दुपारचं ताक मानवलं. दूध नाही मानवत.

साखरपोळी

लग्नाच्या पंगतीत काय करता? पुढच्या आठवड्यात नणंदेच्या मुलीचं आहे. आग्रह सुरू झाला की मला घाम फुटतो, खाण्याच्या आधीच पोट सुरू.

शेवंती

@साखरपोळी "पथ्य आहे" म्हण. "त्रास होतो" म्हटलं की प्रत्येक जण एकेक उपाय सांगतो आणि मग वाढतोही. पथ्य म्हटलं की वाढणाऱ्याचा हात थांबतो. माझा दहा वर्षांचा अनुभव आहे. आणि साधा भात, वरण, तूप पहिल्या वाढीला घे, पोट भरून. जिलबी एक घे, मनाला बरं वाटतं.

पेठेतलाअभ्यासू

मी एमपीएससी करतो, सदाशिव पेठेत राहतो. प्रिलिमच्या दिवशी पेपर सुरू होऊन २० मिनिटांत उठावं लागलं. परत आलो तर ओएमआर शीटवर गोल कुठपर्यंत भरलेत ते दिसेना. दोन मार्कांनी गेलो.

डॉक्टरांनी अॅमिट्रिप्टिलिन दिलं, १० मिलीग्रॅम, रात्री. गुगल केलं तर डिप्रेशनची गोळी. पाकीट तीन आठवडे उशीखाली होतं. घरी कळलं तर काय म्हणतील? शेवटी रूम पार्टनरने विचारलं, "तुला दुखतंय ना? मग?" त्या रात्री घेतली. पहिले काही दिवस तोंड कोरडं, सकाळी जड. महिन्याभराने कळ निम्म्यावर.

मेस बदलली. एक मावशी भाकरी आणि मुगाची आमटी देतात, कांद्याशिवाय. आणि पेपरच्या आधी खुर्चीत बसून श्वास, चार आकडे आत, सहा आकडे बाहेर, दहा वेळा. यंदा दोन्ही पेपर उठलो नाही. निकाल यायचाय.

तालुक्याचाडॉक्टर

@पेठेतलाअभ्यासू फार बरं केलंस लिहिलंस. डिप्रेशनसाठी ही गोळी याच्या कितीतरी पट मात्रेत देतात. एवढ्या कमी मात्रेत ती आतड्याच्या नसांची दुखण्याची जाणीव कमी करते. इंग्लंडमध्ये ४६३ जणांवर अभ्यास झाला, २०२३ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला, फॅमिली डॉक्टरांकडच्या साध्या पेशंटवर, सहा महिने. १० मिलीग्रॅमपासून जास्तीत जास्त ३०. खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट फायदा दिसला. पण मनाने सुरू करू नका कुणी, हृदयाचा, काचबिंदूचा किंवा प्रोस्टेटचा त्रास असेल तर आधी विचारावं लागतं.

निळीशाई

@पेठेतलाअभ्यासू निकाल इथेच सांग. सगळे वाट बघतोय.

@शेवंती तो बोळ म्हणजे पिठाच्या गिरणीसमोरचा का गं? माझी मावशी तिथेच राहायची.

शेवंती

गिरणीसमोरचाच! मावशींचं अंगण फरशीचं होतं का? पारिजातक होता?

निळीशाई

होता!! तुला विपु (विचारपूस) करते.

वसंतराव६८

हिंगाबद्दल कुणी बोललं नाही. बाजारातल्या पूड हिंगात बहुधा मैदा असतो. चिमूटभराने आयबीएसवाल्यांना फरक पडू नये, पण सिलिॲक असेल त्यांनी डबीवरचं वाचावं. मी खडा आणतो आणि तुपात तळून कुटतो.

माजघर

काल तिरफळ यांच्या पद्धतीने लसूण तेलात परतून काढला आणि त्यात तुरीच्या डाळीची आमटी, थोडीच. सासऱ्यांनी दोनदा घेतली. वाटण नाही हे कुणाला कळलंच नाही. माझी रात्रही शांत गेली.

कंडक्टरचीलेक

काल रात्री बाबांना हा धागा वाचून दाखवला. सगळा. कर्जतफास्ट यांचं स्टेशनांचं वाचल्यावर म्हणाले, "बरोबर आहे, आम्हीपण डेपो लक्षात ठेवायचो." मग बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "म्हणजे याला नाव आहे."

सोमवारी डॉक्टरांची वेळ घेतली आहे. वय ६४ आहे म्हणून रक्त वगैरे सगळं करून घेणार, गहू बंद न करता. सकाळपासून वही शोधतायत, त्यांना जुनी वेबिलासारखी (कंडक्टरच्या तिकीट-हिशेबाच्या कागदासारखी) आडव्या रकान्यांची हवी आहे.

आणि विचारलंय की तो पातीचा कांदा, एका वेळी किती घ्यायचा?

तिरफळ

हिरवा भाग बारीक चिरून मूठभर खुशाल. पांढरं टोक कापून ठेवा, आईच्या भाजीला होईल. भाजीवाल्याकडून कोवळी जुडी घ्या, जून पात चिवट लागते.

कंडक्टरचीलेक

सांगते. ते पिशवी घेऊन निघालेत.