किडनीच्या पेशंटच्या हृदयाचा धोका टक्क्यांत मोजायलाच हवा का?

ठोकताळा

सरळ मुद्द्यावर येतो. ईजीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज) ६०च्या खाली किंवा लघवीतून अल्ब्युमिन हे प्रथिन जातंय, आणि हे तीन महिन्यांहून जास्त टिकलंय, की किडनीचा जुनाट आजार असं निदान होतं. त्या दिवसापासून घरात एकच भीती बसते, डायलिसिसची. प्रत्यक्षात यातले बरेच जण डायलिसिसपर्यंत पोहोचतच नाहीत, त्याआधी हृदय दगा देतं. २००४ साली अमेरिकेत ११ लाखांहून जास्त प्रौढांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. ईजीएफआर ६०च्या वर असणाऱ्यांच्या तुलनेत ४५ ते ५९ वाल्यांना हृदयविकार-पक्षाघात वगैरेंचा धोका १.४ पट, ३० ते ४४ मध्ये दुप्पट, १५ ते २९ मध्ये २.८ पट आणि त्याखाली ३.४ पट निघाला.

इतकं स्पष्ट असताना कॅल्क्युलेटर उघडून ‘पुढच्या दहा वर्षांत तुमचा धोका ८.७ टक्के’ असं सांगायची हौस कशाला? तो दशांश कोणाच्या कामाचा? आजार आहे म्हणजे धोका आहे. बीपी आटोक्यात आणा, सिगारेट सोडायला लावा, स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी) द्या. केडिगो या किडनीच्या आजारांवरच्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मार्गदर्शक तत्त्वंसुद्धा पन्नाशी ओलांडलेल्या, ईजीएफआर ६०च्या खाली असलेल्या आणि डायलिसिसवर नसलेल्या पेशंटला कसलीही आकडेमोड न करता स्टॅटिन द्या म्हणतात.

त्रैराशिक

अर्धंच वाचलंत. त्याच तत्त्वांत १८ ते ४९ वयासाठी वेगळा नियम आहे. आधीचा हृदयविकार, मधुमेह किंवा पक्षाघात असेल तर स्टॅटिन, आणि यातलं काहीच नसेल तर दहा वर्षांत हृदयविकाराचा झटका किंवा त्यामुळे मृत्यू येण्याचा धोका १० टक्क्यांच्या वर असला पाहिजे. म्हणजे ४४ वर्षांचा माणूस घ्या. ईजीएफआर ५२, लघवीतला अल्ब्युमिन-क्रिएटिनिन रेशो (एसीआर) १८०, मधुमेह नाही. याचं काय करायचं ते तुमचा ठोकताळा सांगत नाही. इथे मोजल्याशिवाय गत्यंतर नाही.

ठोकताळा

उलट तुमच्याच उदाहरणात मोजमाप सगळ्यात निरुपयोगी ठरतं! या सगळ्या समीकरणांत वयाचं वजन इतकं असतं की चाळिशीतल्या माणसाचा दहा वर्षांचा आकडा १० टक्क्यांवर जाणं मुश्कील. ईजीएफआर आणि एसीआरवरून धोका दाखवणाऱ्या केडिगोच्याच रंगीत तक्त्यात हा माणूस ‘जास्त धोका’ या नारिंगी चौकटीत बसतो, आणि कॅल्क्युलेटर म्हणतो निवांत राहा. कोणाचं ऐकायचं?

शिवाय कॅल्क्युलेटर तरी कुठला? फ्रामिंगहॅम या जुन्या अमेरिकन अभ्यासाच्या समीकरणात वय, कोलेस्टेरॉल, बीपी, सिगारेट, मधुमेह सगळं आहे, किडनीचा पत्ता नाही. २०१३च्या अमेरिकन समीकरणांतही नाही. किडनीच्या पेशंटांवर फ्रामिंगहॅम लावून पाहिलं तेव्हा त्याने धोका कमी दाखवला, हे छापून आलेलं आहे. ब्रिटनच्या क्यूरिस्क३ मध्ये किडनी आहे, पण ‘तिसरा टप्पा किंवा त्यापुढचा आजार आहे का? हो/नाही’ एवढ्यापुरती. म्हणजे ईजीएफआर ५८ आणि १८ एकाच मापात. याला मोजणं म्हणायचं?

त्रैराशिक

जुनी मापं चुकीची होती हे मान्य. पण म्हणून मापच नको, हे कुठलं तर्कशास्त्र? २०२३च्या अखेरीस अमेरिकन हार्ट असोसिएशनने प्रिव्हेंट समीकरणं आणली. ६० लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर बेतलेली. त्यात ईजीएफआर मूळ सूत्रातच आहे, हो/नाही म्हणून नाही तर प्रत्यक्ष आकडा म्हणून. एसीआर हवा तर जोडता येतो. हार्ट फेल्युअरचा धोका वेगळा मिळतो. आणि ३० ते ५९ वयाला तीस वर्षांचा धोकाही देता येतो, म्हणजे तुमच्या ‘निवांत राहा’वर उत्तर तिथेच आहे. केडिगोनेही २०२४ मध्ये हेच लिहिलंय की समीकरण वापरायचं तर ईजीएफआर आणि अल्ब्युमिन दोन्ही धरणारं किंवा किडनीच्या पेशंटांवरच तयार झालेलं, आणि बाहेरच्या लोकांवर पडताळलेलं वापरा.

एक गोष्ट नेहमी सुटते. चांगल्या समीकरणाच्या दोन वेगळ्या परीक्षा असतात. जास्त धोक्याच्या माणसाला वरचा नंबर दिला का, ही पहिली. ज्यांना १० टक्के सांगितलं अशा शंभरांतल्या खरोखर दहा जणांनाच झालं का, ही दुसरी. पहिलीत पास आणि दुसरीत नापास झालेली समीकरणं ढिगाने आहेत, विशेषतः एका देशात बनवून दुसरीकडे वापरलेली. त्यातून किडनी फार खराब असेल तर माणूस हृदयाआधी दुसऱ्याच कारणाने जाऊ शकतो. ते हिशेबात धरलं नाही तर आकडा फुगतो. म्हणजे चूक नेहमी कमीकडेच होते असंही नाही.

रात्रपाळी

दोघेही ‘हृदयविकार’ म्हणजे एकच आजार धरून चाललात. आम्हाला वॉर्डात वेगळंच दिसतं. किडनी थोडी बिघडलेली असते तोवर कोलेस्टेरॉल साचून होणारे ब्लॉकेज मुख्य. जसजशी ती ढासळते तसतसं हार्ट फेल्युअर आणि अचानक ताल बिघडून होणारे मृत्यू वाढत जातात. डावी झडप... चुकलं, डावा कप्पा जाड होतो, रक्त कमी होतं, अंगात पाणी साचतं, फॉस्फेट वाढतं आणि रक्तवाहिनीच्या मधल्या थरात कॅल्शियम बसून ती कडक होते. कोलेस्टेरॉलवर उभं असलेलं समीकरण यातलं काय पकडणार? डायलिसिसवर तर कोलेस्टेरॉल कमी असलेलेच जास्त दगावताना दिसतात, कारण तिथे कमी कोलेस्टेरॉल बऱ्याचदा कुपोषणाची आणि आतल्या सुजेची खूण असते.

ट्रोपोनिनचंही (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) तेच. या पेशंटांत ते एरवीही थोडं वाढलेलं असतं. एकच रिपोर्ट बघून अटॅक म्हणायचं नाही, काही तासांनी परत करून चढतंय का ते बघायचं. छातीत ठरावीक कळ येईलच असंही नाही, नुसता दम लागतो. म्हणून मला टक्केवारीपेक्षा ‘नेमका कशाचा धोका’ हा प्रश्न मोठा वाटतो.

ठोकताळा

+१. मी तरी वेगळं काय म्हणतोय?

त्रैराशिक

वेगळंच म्हणताय. रात्रपाळी यांचा मुद्दा समीकरण अपुरं आहे हा, तुमचा ते नकोच हा. हार्ट फेल्युअर वेगळं मोजायला लागले ते अशाच तक्रारींमुळे.

मीठ_बेतानं

मी पेशंट आहे, तेव्हा माझेही दोन शब्द. टक्के सांगा की नका सांगू, आधी मोजण्यासाठी लागणारी तपासणी तर करा! मला मधुमेह नाही, म्हणून कित्येक वर्षं कोणी एसीआर लिहूनच दिला नाही. युरीन रुटीनमध्ये ‘प्रोटीन: ट्रेस’ असं यायचं, त्यावर पेनाने गोल करून फाइल परत मिळायची. नंतर कळलं की त्या तपासणीत लघवीत बुडवतात ती पट्टी लघवी किती घट्ट आहे त्यावर हलते. पाणी जास्त प्यायलो की ट्रेसही नाही. एसीआरमध्ये क्रिएटिनिनने भागतात म्हणून तो घोळ होत नाही. आता माझे किडनीचे डॉक्टर म्हणतात हृदयाचं हृदयवाल्यांना विचारा, आणि हृदयवाले म्हणतात किडनी सांभाळा. तुमच्या प्रिव्हेंटमध्ये एसीआर ‘हवा तर जोडा’ आहे ना? मग तो न जोडण्याची सोय सगळेच घेणार.

त्रैराशिक

हे मात्र खरं. अल्ब्युमिन आणि ईजीएफआर स्वतंत्रपणे धोका सांगतात, एकावरून दुसऱ्याचा अंदाज येत नाही. एसीआर वगळून काढलेला आकडा किडनीच्या पेशंटला मी तरी सांगणार नाही.

ठोकताळा

आणि एसीआर जोडला तरी तो किती भरवशाचा? ताप, लघवीचा संसर्ग, आदल्या दिवशीचा जोराचा व्यायाम, कशानेही वाढतो. वरच्या उदाहरणातला १८० परत केला तर १२० येईल किंवा २१०. मधुमेह नसलेल्यांना एसजीएलटी२ गटातल्या (मुळात मधुमेहाच्या, पण किडनी-हृदयालाही जपणाऱ्या) गोळ्या द्यायची केडिगोची ठाम शिफारस २०० पासून सुरू होते. (हार्ट फेल्युअर असेल तर एसीआर कितीही असो.) म्हणजे एका सकाळच्या नमुन्यावर गोळी ठरणार. ईजीएफआरचंही तसंच, तो रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढतात आणि क्रिएटिनिन स्नायूंवर अवलंबून, सुकलेल्या म्हाताऱ्या माणसाची किडनी कागदावर बरी दिसते. असल्या डळमळीत आकड्यांतून दशांशापर्यंत टक्के काढायचे आणि वर त्याला शास्त्र म्हणायचं!

रात्रपाळी

एसीआर परत करावा, तोही शक्यतो सकाळच्या पहिल्या लघवीचा. स्नायू कमी असतील तर सिस्टॅटिन सी (स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली रक्ततपासणी) करून घ्यावं. यावर उपाय आहेत, ठोकताळा. तुम्ही अडचण सांगता आणि तिथेच थांबता.

तुमच्या ‘द्या स्टॅटिन’ला एक खीळ घालतो. २०११च्या शार्प चाचणीत ९,२७० किडनीच्या पेशंटांना सिम्वास्टॅटिन-इझेटिमाइब किंवा नुसती दिखाऊ गोळी दिली होती, औषधवाल्यांत ब्लॉकेजच्या मोठ्या घटना १७ टक्क्यांनी कमी झाल्या. पण फक्त डायलिसिसवाल्यांवर केलेल्या ४डी (२००५) आणि ऑरोरा (२००९) या दोन्ही चाचण्यांत ठळक फायदा दिसला नाही. आता बघा, सगळ्यात जास्त धोका कोणाला? डायलिसिसवाल्यांना. स्टॅटिनचा फायदा सगळ्यात कमी कोणाला? त्यांनाच. ‘धोका आहे म्हणजे औषध द्या’ हे तिथे लागू पडत नाही.

मीठ_बेतानं

थांबा, माझी मावशी डायलिसिसवर आहे आणि तिला स्टॅटिन चालू आहे. बंद करायची का?

रात्रपाळी

नाही, परस्पर बंद करू नका. डायलिसिस सुरू होण्याआधीपासून चालू असेल तर चालू ठेवा असंच केडिगो म्हणतं, नव्याने सुरू करायला तेवढा विरोध आहे. कधीपासून घेतायत ते जुन्या कागदांत बघा आणि त्यांच्या नेफ्रॉलॉजिस्टना विचारा.

ठोकताळा

ठीक आहे, डायलिसिसवाल्यांपुरतं मागे घेतो. चव्वेचाळीसवाल्याला मात्र मी आजही न मोजता गोळी देईन.

त्रैराशिक

आणि त्याने विचारलं, ‘जन्मभर घ्यायची, पण कशासाठी?’, तर काय सांगाल? ‘नारिंगी चौकट’?