‘वन’मध्ये न मावलेले बीटल्स

बीटल्स हा ब्रिटिश बँड समजून घ्यायला २००० साली निघालेला त्यांच्या गाण्यांचा ‘वन’ हा एकच संग्रह पुरेसा आहे, हे आपले मत मला पटत नाही. सोलापुरात नवी पेठेतून आणलेली त्याची कॅसेट मी वर्षानुवर्षे ऐकली आहे आणि त्यातली २७ही गाणी मला प्रिय आहेत. परंतु ब्रिटन किंवा अमेरिकेत पहिला क्रमांक मिळवणे हीच निवडीची अट असल्यामुळे १९६७ च्या एकाच तबकडीवरच्या दोन गाण्यांपैकी ‘पेनी लेन’ आत आले, आणि वेगळ्या पट्टीतली व गतीतली दोन ध्वनिमुद्रणे जोडून सिद्ध झालेले ‘स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरेव्हर’ बाहेर राहिले. माझ्या लेखी तेच त्यांचे सर्वोत्तम गाणे! १९८८ च्या ‘पास्ट मास्टर्स’ या त्यांच्या दुसऱ्या संग्रहाचे दोन्ही भागही अवश्य ऐकावेत, तबकडीच्या मागच्या बाजूला राहिलेले ‘रेन’ तिथे भेटते.