गाणी ‘भरून’ घेणे: मराठी की हिंदी?

सांजतारा: शाळकरी वयातल्या गाण्यांवर लेख लिहिलाय. त्यात ‘दहावीच्या सुट्टीत यादी देऊन कॅसेट भरून घेतली’ असं वाक्य होतं. मुद्रितशोधकानं ते ‘ध्वनिमुद्रित करून घेतली’ केलं, वर शेरा: ‘भरून घेणे’ हिंदी वाटते. आमच्याकडे तर सगळे भरूनच घ्यायचे. तुमच्याकडे?

बुद्रुक: आम्हीही भरूनच. साठची की नव्वदची, एवढंच दुकानदार विचारायचा. नव्वदची म्हणजे एका बाजूला ४५ मिनिटं. यादी संपून जागा उरली की तो त्याच्या मनानं काहीतरी भरायचा. माझ्या रहमानच्या गाण्यांमागून त्यानं अभिषेकीबुवांचं नाट्यपद भरलं. भांडायला गेलो होतो. आता रहमानची ती गाणी कुठे लागली तर ऐकतो, बुवांचं पद मात्र मुद्दाम शोधून लावतो.

शुद्धमती: मुद्रितशोधकाचं बरोबर आहे. ‘गाने भरवाना’वरून उचललेलं. आणि ध्वनिफीत हा इतका छान शब्द असताना कॅसेट कशाला?

अडकित्ता: शुद्धमतीताई, फीत पोर्तुगीज आहे. तबकडीतलं तबक अरबी. ‘भरणे’ तेवढं थेट संस्कृत ‘भृ’वरून. आता काय हाकलायचं ते तुम्हीच सांगा.

शुद्धमती: फीत केव्हाची रुळली, बटाट्यासारखी. कालच्या कॅसेटशी बरोबरी नको.

अडकित्ता: कालची? कॅसेट १९६३ सालची आहे. किती वर्षं भरली की पास?

मागावरचा: मी इचलकरंजीचा. आमच्या घरी बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या. शिलाई मशीनची बॉबिनसुद्धा भरतात. काहीतरी गुंडाळलं जातंय म्हणजे भरणं. कॅसेटला क्रियापद तिथूनच लागलं, माझी खात्री आहे.

अडकित्ता: व्युत्पत्ती गोड आहे, पण कॅसेटमध्ये टेप आधीच गुंडाळलेली येते. भरतात ते गाणं. पुढे मोबाइलच्या दुकानांत मेमरी कार्डातही गाणी भरूनच मिळायची. त्यात कुठली आली कांडी?

मागावरचा: कांडी गेली, क्रियापद राहिलं.

वऱ्हाडी ठेचा: आम्ही ‘टेप करून घेतली’ म्हणायचो. बाय द वे, टेप तो की ती?

बुद्रुक: यंत्र तो, आतली ती. ‘टेप लावला आणि टेप गुंतली.’

वऱ्हाडी ठेचा: आमच्या घरी यंत्रही तीच. वडील ओरडायचे, ‘ती टेप बंद कर आधी!’

सांजतारा: अहो, लेख उद्या छापायला जातोय. ‘भरून’ ठेवू की काढू?

शुद्धमती: आमच्या वेळी गाणी पाठ असायची, भरून आणावी लागत नव्हती. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला, वही-पेन्सिल घेऊन बसायचो.

बुद्रुक: ताई, बिनाका हिंदीच ना?

शुद्धमती: निवेदक अमीन सयानींची गोष्ट वेगळी.

अडकित्ता: म्हणजे तासभर हिंदी चालतं, एक ‘भरणे’ चालत नाही.

मागावरचा: बुद्रुक, नाट्यपद कोणतं ते सांगितलंच नाही.

बुद्रुक: ‘सर्वात्मका सर्वेश्वरा’. पण पहिल्या कडव्यातच बाजू संपली होती.

शुद्धमती: नाट्यपदाला कडवं नसतं. अंतरा म्हणा.