कंबोडियातल्या सुरुंगग्रस्त मुलांसाठी शाळेची वर्गणी ठीक, पण मैत्री कशाला?

मीनल_जर्सी: लेकीच्या हायस्कूलचा क्लब बेक सेल करून कंबोडियातल्या बट्टमबांगच्या सुरुंगग्रस्त मुलांच्या कृत्रिम पायांसाठी पैसे पाठवतो. शिवाय तिथल्या मुलांशी व्हिडिओवर गप्पा. नवरा म्हणतो, पैसे पाठवा, बाकीची नाटकं कशाला? मला पटत नाहीये. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_काका: जिजाजी बरोबर आहेत. कपकेक विकायचे आणि कॉलेजच्या अर्जात एक परिच्छेद वाढवायचा. त्या पोरांना आपला पाय कॅमेऱ्यापुढे मिरवायची हौस आहे का?

फिजिओ_सांगली: काका, इथे थोडं अडतं. मोठ्या माणसाचा कृत्रिम पाय काही वर्षं चालतो, वाढत्या मुलाचं सॉकेट (उरलेला पाय ज्यात बसतो तो साचा) मात्र वर्षभरातच घट्ट होतं. कापलेल्या हाडाचं टोक वाढून कातडीला टोचतं, कधी पुन्हा ऑपरेशन. म्हणजे खर्च एकदाचा नाही, वाढ थांबेपर्यंत जवळपास दरवर्षीचा. ओळख असली तर यंदाचं माप कुणीतरी विचारतं.

खवचट_काका: आणि ही पोरं बारावी होऊन गेली की? मग विचारणार कोण?

मीनल_जर्सी: धाकट्या वर्गांकडे सोपवतात म्हणे. आणि काका, पाय कुणी दाखवत नाही हो. फुटबॉल आणि गणितावरच बोलणं चालतं. आमची रात्र, त्यांची सकाळ.

सीमेवरचा: सगळे मलमपट्टीवरच बोलताय. भूसुरुंगांवर बंदी घालणाऱ्या १९९७ च्या ओटावा करारावर अमेरिकेनं सही केलेली नाही, भारतानंही नाही. २००१-०२ मध्ये आपल्या लष्कराच्या 'पराक्रम' मोहिमेत पंजाब-राजस्थानच्या शेतांत सुरुंग पेरले होते. काढताना आपलेच जवान जखमी झाले. मुलांनी सिनेटरला पत्रं लिहावीत.

अनघा_क: पत्रंही लिहावीत, पण आधी एखाद्या सुरुंगग्रस्ताला भेटून मग. बंदीच्या मोहिमेला १९९७ चं शांततेचं नोबेल मिळालं, तेव्हा मोहिमेतर्फे ते स्वीकारलं तुन चन्नारेथ यांनी. कंबोडियाचे, दोन्ही पाय सुरुंगात गेलेले. ते स्वतः व्हीलचेअर बनवतात. अशा माणसांना नुसते 'लाभार्थी' समजणाऱ्यांना त्या कॉलवर बसवायला हवं.

खवचट_काका: बसतो. पण आधी क्लबनं हिशोब टाकावा. किती जमले, वाटेत किती गेले?

मीनल_जर्सी: रास्त आहे. लेकीला सांगते. कॉल चालू ठेवायचे की नाही, ते मात्र दोन्हीकडच्या मुलांना ठरवू दे.